थायरॉईडची गोळी रोज घेते तरी टीएसएच वाढलाय, खाण्यात नक्की काय बदलू?

वर्षा_नाशिक:
नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहिते कारण कुठून सुरुवात करावी तेच कळत नाहीये. मला हायपोथायरॉईड आहे, म्हणजे थायरॉईड ग्रंथी कमी काम करते, धाकटीच्या डिलिव्हरीनंतर निघालं. पन्नासची गोळी चालू होती आणि त्यावर टीएसएच (थायरॉईड कमी पडलं की हा आकडा वाढतो) दोन-अडीचच्या आसपास असायचा, सगळं बरं चाललं होतं. आत्ता रिपोर्ट आला तर एकदम ८.९! अँटी टीपीओ (ग्रंथीविरुद्धच्या अँटिबॉडी) पण पॉझिटिव्ह, म्हणजे हाशिमोटो म्हणे, शरीरच आपल्या ग्रंथीवर हल्ला करतं तो आजार. डॉक्टरांनी डोस पंचाहत्तर केला आणि दीड-दोन महिन्यांनी परत तपासू म्हणाले. खाण्याचं विचारलं तर "सगळं खा" एवढं बोलून पुढच्या पेशंटला आत घेतलं.

घरी मात्र प्रत्येकाचं वेगळं चाललंय. जाऊबाई म्हणतात कोबी-फ्लॉवर बंद. मावशीने व्हॉट्सॲपवर यादी पाठवली त्यात बाजरी, शेंगदाणे, सोयाबीन, मुळा, रताळं सगळंच बंद. आता थंडीत आमच्याकडे दोन्ही वेळेला बाजरीची भाकरी असते, सासूबाई बिचाऱ्या माझ्यासाठी वेगळ्या पोळ्या लाटतात, गुडघे दुखत असताना, मला ते बघवत नाही. भोगीला तीळ लावलेली भाकरी पण नाही खायची का मी?

माझं रोजचं असं आहे, साडेपाचला उठून गोळी, मग दोन डबे, त्या गडबडीत दहा-पंधरा मिनिटांत चहा होतोच. साडेसातला पोहे-उपमा काहीतरी आणि त्याच्यासोबत कॅल्शियमची गोळी (कंबर दुखते) आणि लोहाची गोळी (हिमोग्लोबिन ९.८ आहे). केस भयंकर गळतायत, भांगात टाळू दिसायला लागलीय, म्हणून बायोटीन सुरू केलंय. मीठ दिवाळीपासून गुलाबी वापरतोय, सगळे हेल्दी म्हणतात म्हणून. थकवा एवढा की दुपारी मुलीला झोपवताना मीच आधी झोपते. प्लीज कोणीतरी नीट सांगा काय खाऊ आणि काय सोडू.

मेघा_सांगली:
वर्षा अगं सेम टू सेम माझी पण स्टोरी. मी गहू पूर्ण बंद केला, ज्वारी-तांदळावर आले आणि तीन-चार महिन्यांत वजन उतरलं, पोट हलकं वाटतं, चेहऱ्यावरची सूज गेली. दूध पण कमी केलं. रोज दोन ब्राझील नट खाते, त्यात सेलेनियम असतं ते थायरॉईडला लागतं. तू ग्लूटेन (गव्हातलं प्रथिन) सोडून बघच, हाशिमोटोवाल्यांनी गहू खाऊच नये असं मी बऱ्याच ठिकाणी वाचलंय. गोळी अर्थात चालूच आहे माझी.

औषधवाला_सातारा:
वर्षाताई, मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे, काउंटरवर रोज उभा असतो म्हणून लिहितोय. तुमच्या पोस्टमधली भाजीची यादी बाजूला ठेवा आणि साडेपाच ते साडेसात या दोन तासांकडे बघा. तिथे बरंच काही चाललंय.

थायरॉक्सिनची गोळी, म्हणजे तुमची थायरॉईडचीच, मायक्रोग्रॅममध्ये असते. पंचाहत्तर मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा दहावा भाग सुद्धा नाही. एवढंसं औषध आतड्यातून रक्तात जायचं असतं आणि ते सुद्धा सगळं जात नाही, पोट रिकामं असताना जास्त जातं, आत दुसरं काही आलं की कमी जातं. म्हणून अनशापोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर किमान अर्धा तास, जमलं तर पाऊण-एक तास काही नाही. चहा नाही, कॉफी तर अजिबात नाही, लिंबू-मध पाणी नाही, जिऱ्याचं पाणी नाही, काढा नाही. नुसतं पाणी कितीही प्या.

आता कॅल्शियम आणि लोह. हे दोन्ही थायरॉक्सिनला आतड्यातच पकडून ठेवतात, मग ते शोषलं न जाता तसंच बाहेर जातं. दोन्हीत आणि थायरॉईडच्या गोळीत चार तासांचं अंतर लागतं. तुमचं अंतर दोन तास आहे आणि मध्ये चहा. आमच्याकडे एकाच चिठ्ठीवर थायरॉईडची बाटली, कॅल्शियमचं पाकीट, लोहाच्या कॅप्सूल आणि ॲसिडिटीची गोळी असं सगळं असतं, बायका हातात पिशवी घेऊन विचारतात "सगळ्या सकाळीच घेऊ ना?" आणि कितीतरी जणी तसंच घेत असतात, कारण चारही वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलेल्या असतात आणि एकालाही दुसऱ्याची चिठ्ठी दाखवलेली नसते. ॲसिडिटीची पॅन्टोप्रॅझोल वगैरे वर्षानुवर्षं चालू असेल तर तीही शोषण कमी करते, तुम्ही घेत असाल तर डॉक्टरांना सांगा.

तुमच्यापुरतं मी असं बसवेन. साडेपाचला थायरॉईडची गोळी, बाटली उशाशीच ठेवा, डोळे उघडले की आधी ती. चहा सव्वासहा-साडेसहाला. लोह अकराच्या सुमाराला लिंबूपाण्याबरोबर, लोहाला आंबट चांगलं आणि चहा वाईट, म्हणून त्याच्या पुढेमागे तासभर चहा नको. कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर, लोहाबरोबर कधीच नाही कारण ते एकमेकांनाही अडवतात.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून वेगळं लिहितो. तुमचा डोस नुकताच वाढवलाय. आता त्याच वेळी तुम्ही वेळापत्रकही सुधारलंत तर गोळी पूर्वीपेक्षा जास्त अंगाला लागणार, म्हणजे वाढ दोन्हीकडून झाली. छातीत धडधड, हात थरथरणं, झोप न लागणं, जुलाब असं काही जाणवलं तर दोन महिने थांबू नका. आणि डॉक्टरांना फोन करून आधीच सांगा की मी चहा, कॅल्शियम, लोह असं असं घेत होते, आता बदलतेय. ही माहिती त्यांच्याकडे नसेल तर आकडा बघून डोस वाढवण्याशिवाय ते तरी काय करणार.

बाटली गॅसच्या वरच्या फळीवर ठेवत असाल तर तिथून हलवा. उष्णता, उजेड आणि दमटपणा तिन्हीने गोळीचा जोर कमी होतो.

लॅबवाली_ताई:
वरच्यांनी छान सांगितलंय, मी फक्त बायोटीनबद्दल. केसांच्या गोळ्यांत बायोटीन पाच-दहा हजार मायक्रोग्रॅम असतं, शरीराची रोजची गरज तीसच्या आसपास. खूप मशिन्सवर थायरॉईडच्या टेस्टच बायोटीन वापरून चालतात, त्यामुळे रक्तात जास्तीचं बायोटीन असलं की रिपोर्ट चुकतो, टीएसएच आहे त्यापेक्षा कमी दिसतो आणि टी४ (थायरॉईडचं हार्मोन) जास्त दिसतो. म्हणजे तुमचा ८.९ हा खरा त्याहून जास्त पण असू शकतो!! पुढच्या टेस्टच्या आधी किमान दोन-तीन दिवस बंद ठेवा, डोस जास्त असेल तर आठवडाभर, आणि रक्त घेणाऱ्याला सांगा. मल्टिव्हिटॅमिनच्या मागचं लेबल पण वाचा, त्यातही असतं.

टेस्टच्या दिवशी रक्त दिल्यावर मग गोळी घ्या, आधी घेतली तर टी४ त्या तासांत वर दिसतो. आणि दर वेळी शक्यतो एकाच लॅबमध्ये एकाच वेळेला. डोस बदलल्यावर पंधरा दिवसांत टेस्ट करायला येतात लोक, त्यातून काही कळत नाही हो, या औषधाचा अर्धा भाग शरीरातून जायलाच आठवडा लागतो, टीएसएच स्थिरावायला सहा आठवडे तरी द्यावे लागतात.

सातपुडा_सिस्टर:
मी निवृत्त आरोग्यसेविका, सगळी नोकरी सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत झाली. मला गुलाबी मिठाबद्दल लिहायचंय आणि जरा कळकळीने लिहिते, राग मानू नका.

गळ्याला नारळाएवढी गाठ घेऊन शेतात राबणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. गलगंड. आयोडीनशिवाय थायरॉईडचं हार्मोन बनतच नाही, टी४ मध्ये आयोडीनचे चार अणू असतात आणि टी३ मध्ये तीन, नावातला आकडा तोच आहे. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम लागतं, अख्ख्या आयुष्याचं मिळून एका चमच्यात मावेल एवढं. पण ते रोज लागतं, आणि डोंगराळ भागातल्या मातीतून पावसाने ते वाहून गेलेलं असतं, मग धान्यातही नाही आणि भाजीतही नाही. डॉ. रामलिंगस्वामींनी १९५६ पासून हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात काम केलं, खोऱ्याचे भाग पाडले, काहींना आयोडीनचं मीठ दिलं आणि एका भागात साधंच मीठ ठेवलं. जिथे आयोडीन मिळालं तिथे गलगंड भराभर कमी झाला, जिथे नाही तिथे झाला नाही, मग त्या भागालाही आयोडीनचं मीठ दिलं. त्यातूनच १९६२ ला गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. आज आपल्या मुलांना गलगंड म्हणजे काय ते ठाऊक नाही ते या मिठामुळे, आणि आपण पैसे जास्त मोजून त्यातून बाहेर पडतोय याचं मला फार वाईट वाटतं.

शिबिरात आम्ही बायकांना घरून चिमूटभर मीठ आणायला सांगायचो. किटमधला थेंब टाकला की आयोडीन असलेलं मीठ जांभळं व्हायचं. जाडं मीठ, सैंधव (गुलाबी मीठ तेच), यांच्यावर बहुतेक वेळा थेंब तसाच पांढरा. समोर रंग बदलताना बघितलं की पुढे काही समजावून सांगावं लागायचं नाही. आता आशाताई गावागावात हेच करतात.

कोकणातले लोक म्हणतात आमचं मिठागरातलं मीठ समुद्राचं, त्यात आयोडीन असणारच. समुद्राच्या मासळीत असतं, मिठात मात्र अगदी नगण्य, ते वेगळं घालावंच लागतं. पाकिटावर "आयोडीनयुक्त" लिहिलेलं आणि हसऱ्या सूर्याचं चिन्ह बघा, आपल्यापर्यंत पोचताना त्यात किमान १५ पीपीएम (दहा लाख भागांत पंधरा) आयोडीन असायला हवं असा नियम आहे. घरी आणल्यावर बरणीला घट्ट झाकण, ओला चमचा नको, चुलीजवळ नको.

वर्षा बाळा, तुझा टीएसएच गुलाबी मिठामुळेच वाढला असं मी म्हणणार नाही, हाशिमोटोत शरीरच आपल्या ग्रंथीवर उलटतं, आणि तुझ्या गोळीतही थोडं आयोडीन असतंच. पण घरात दोन मुलं आहेत ना तुझ्या? त्यांच्यासाठी उद्याच मीठ बदल. उपवासाला सैंधव वापरा की, एखाद्या दिवसाने काही होत नाही. मात्र आयोडीन चांगलं म्हणून त्याचे थेंब किंवा समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल घेऊ नकोस, जास्तीचं आयोडीन हाशिमोटोवाल्यांची ग्रंथी अजून मंदावू शकतं. मीठ पण जास्त खायचं नाही, तेवढंच खायचं, फक्त आयोडीनचं.

आहार_कट्टा:
मी आहारतज्ज्ञ आहे, पुण्यात, आणि बाजरीवर बोलल्याशिवाय राहवत नाही कारण माझं माहेर पारनेरकडचं.

बाजरीत काही द्रव्यं आहेत जी थायरॉईडच्या कामात थोडा अडथळा आणतात, ही गोष्ट खरी आहे. सुदानमध्ये दारफूर भागात याचा अभ्यास झाला. पण तिथली परिस्थिती बघा, तीनही त्रिकाळ बाजरी, जोडीला फारसं काही नाही आणि आयोडीनचा तुटवडा. नाशिकच्या घरात भाकरीबरोबर पिठलं, वरण, मेथीची भाजी, ताक, कधी अंडं, आणि आयोडीनचं मीठ असेल तर हिवाळ्यातल्या भाकरीला घाबरायचं काही कारण नाही. भोगीची भाकरी खा, लोणी लावून खा. रोज दोन्ही वेळा बाजरीच असेल तर एका वेळेला ज्वारी करा, एवढाच बदल सुचवेन, आणि सासूबाईंना सांगा की पोळ्या वेगळ्या लाटू नका.

कोबी-फ्लॉवरमधली द्रव्यं शिजवल्यावर बरीच कमी होतात. आपण कोबी फोडणीला टाकून झाकण ठेवून शिजवतो, कोणी किलोभर कच्च्या कोबीचा रस पीत नाही (पीत असाल तर ते मात्र बंद करा). शेंगदाणे, मुळा, रताळं, तेच. सोयाबीन वेगळं आहे, त्याने ग्रंथीचं नुकसान होत नाही पण गोळीचं शोषण कमी होतं, म्हणून सकाळी सोया मिल्क वगैरे नको, रात्री सोया चंक्सची भाजी चालेल. या याद्यांनी होतं काय तर बाई पौष्टिक भाज्या, शेंगदाणे, भाकरी सोडते आणि चहा-बिस्किटं तशीच राहतात.

मला तुमच्या पोस्टमध्ये सगळ्यात जास्त खटकलं ते हिमोग्लोबिन ९.८. थायरॉईडचं हार्मोन बनवणारं जे एन्झाइम आहे, टीपीओ, ज्याच्याविरुद्धच्या अँटिबॉडी तुमच्या रिपोर्टमध्ये आहेत, त्याला काम करायला लोह लागतं. आणि थकवा, केस गळणं, थंडी वाजणं हे लोह कमी असलं तरी होतं, थायरॉईडचं होतं तसंच. थायरॉईड कमी असलं की पाळीत रक्त जास्त जाऊ शकतं, त्याने लोह अजून घटतं, असं ते चक्र. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला, त्यामुळे आपल्याकडे थायरॉईड आणि लोह वेगळं बघून चालतच नाही. फेरिटिन (शरीरात साठलेलं लोह), बी१२ आणि डी३ करून घ्या. बायोटीनवर घालवायचे पैसे या तपासण्यांवर घाला, केसांचं उत्तर तिथे सापडायची शक्यता जास्त आहे. जेवणात पालेभाजी, मटकी-हरभऱ्याच्या उसळी, त्यावर लिंबू, चालत असेल तर अंडी-मासे. जेवणावर लगेच चहा नको.

मेघा, तुला बरं वाटतंय ते छान आहे. पण गहू सोडण्याचा फायदा ज्यांना सिलिॲक (ग्लूटेनने आतड्याला इजा होणारा आजार) आहे त्यांना नक्की होतो, आणि हाशिमोटोवाल्यांत सिलिॲक इतरांपेक्षा जास्त सापडतो, म्हणून शंका असेल तर आधी टीटीजीची रक्ततपासणी करायची, गहू खात असतानाच. एकदा सोडला की टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते. वर्षा, पोट फुगणं, वारंवार जुलाब, लोह घेऊनही न वाढणं असं असेल तर डॉक्टरांना या टेस्टबद्दल विचार, नाहीतर पोळी खा. ब्राझील नट एक पुरे आहे, तोही रोज नको, सेलेनियम जास्त झालं तर उलट केस गळतात आणि नखं तुटतात.

वजनाबद्दल पण सांगते कारण पुढचा प्रश्न तोच येतो. थायरॉईड कमी असल्यामुळे वाढणारं वजन साधारण दोन-चार किलो, तेही बरंचसं पाणी. बाकीचं थायरॉईडच्या नावावर टाकता येत नाही. आणि अश्वगंधा मनाने सुरू करू नका कुणी, तिने हार्मोन वाढल्याच्या केसेस आहेत, गोळीबरोबर तर विचारूनच.

अनु_पिंपरी:
मधेच विचारते, मला पण हायपो आहे आणि आत्ताच प्रेग्नन्सी टेस्ट पॉझिटिव्ह आली, पहिलंच. डॉक्टरांची अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनी आहे. तोपर्यंत काय खाऊ?

औषधवाला_सातारा:
अनुताई अभिनंदन! पण तीन आठवडे थांबू नका, आजच फोन करा आणि सांगा मला थायरॉईड आहे, गोळी चालू आहे, टीएसएच करायचाय. गरोदरपणात डोस वाढवावा लागतो, बहुतेकींना पाव ते निम्म्याने, आणि पहिल्या आठवड्यांपासूनच, कारण सुरुवातीला बाळाची स्वतःची ग्रंथी काम करत नसते, त्याचा मेंदू आईच्या हार्मोनवर घडत असतो. गोळी एक दिवसही सोडू नका, कोणी "गरम पडते" म्हणालं तरी.

सातपुडा_सिस्टर:
अनु, आणि मीठ आयोडीनचंच. पोटुशी बाईला २५० मायक्रोग्रॅम लागतं. लोह आणि कॅल्शियम आता तुला मिळतीलच, त्यांचं चार तासांचं अंतर वर लिहिलंय ते वाच. बाळ झाल्यावर टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन थायरॉईडची तपासणी करतात, ती झाली का हे तू स्वतः विचारून घे.

वर्षा_नाशिक:
सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं नीट कोणी समजावलंच नव्हतं. सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या भाकरीचं ऐकून एकदम खूश. मीठ आजच आणलं. डॉक्टरांकडे फोन करून कॅल्शियम-लोहाचं सांगितलं, त्यांनी पंचाहत्तरच ठेवायला सांगून टेस्ट सहा आठवड्यांनी करू म्हणाले, आणि फेरिटिन लिहून दिलं. एकच अडचण, सकाळी पाऊण तास चहाशिवाय जमेल की नाही शंका आहे, पाणी येतं तेव्हाच सगळं सुरू होतं. गोळी रात्री घेतली तर चालते का?

औषधवाला_सातारा:
चालते. नेदरलँड्समध्ये २०१० साली एक चाचणी प्रसिद्ध झाली होती, त्यात झोपताना घेणाऱ्यांचे टीएसएचचे आकडे सकाळी घेणाऱ्यांपेक्षा चांगले आले. अट एवढीच की शेवटचं जेवण होऊन तीन तास झालेले हवेत, म्हणजे आठला जेवलात तर रात्री अकराला गोळी. त्याआधी डॉक्टरांना विचारा, आणि एकदा ठरवलं की तेच ठेवा, आज सकाळी उद्या रात्री असं नको. मग कॅल्शियम रात्रीचं दुपारच्या जेवणानंतर न्यावं लागेल आणि लोह सकाळी अकरालाच राहील. झोपताना हळदीचं दूध घ्यायची सवय असेल तर ते संध्याकाळी घ्या, दुधातही कॅल्शियम आहे.